ठळक तिरपा फॉन्ट: मराठीत कुठे वापरावा?

टोकांना रेघा नसलेल्या, जाड आणि उजवीकडे कललेल्या अक्षरांना 'बोल्ड इटॅलिक सॅन्स-सेरिफ' म्हणतात. इटॅलिक ही रोमन लिपीतली, इटलीतून आलेली पद्धत. देवनागरीत ती परंपरा नाही. मुंबईच्या 'एक टाइप'च्या 'मुक्ता' फॉन्टमध्ये ७ जाडी आहेत, पण तिरपा प्रकार नाही. मग सॉफ्टवेअर सरळ अक्षरेच कलवते: शिरोरेषा आडवी राहते, काना तिरका होतो. ठळक अक्षरांतल्या पोकळ्या आधीच लहान असतात, त्यामुळे जोडाक्षरे आणखी दाट वाटतात.

'महासेल'सारख्या एखाद्या मोठ्या शब्दाला हे शोभते. पण मुंबई-गोवा महामार्गावरच्या खांबची पाटी धावत्या गाडीतून वाचायची असते. तिथे अक्षर सरळच हवे. पोस्टमधला पत्ता, तारीख, फोन नंबरही सरळच ठेवा.