रेडीच्या घाण्यावर

पाय जपून टाका, खाडीकाठची ही जांभ्याची वाट निसरडी आहे. वर्ष १७४६ नुकतंच सरलंय. वर यशवंतगडावर पोर्तुगीज शिपाई बसलेत, आणि हे रेडी गाव त्यांच्या तोंडी 'रारिम' झालंय.

गडावर मग जाऊ. आधी घाण्यावर या. करकर ऐकू येते ना? डोळे बांधलेला बैल गोल गोल फिरतोय, लाट सुकं खोबरं चिरडतेय आणि भांड्यात कोमट तेलाची धार लागलीय. गोडसर वास थेट घशात उतरतो. तळव्यांना पेंड चिकटते. मागच्या बाईचं कोपर तुमच्या बरगडीत बसतं आणि तेलीण ओरडते, "भांडा हाडलंस? मगे फुडे कर!"

खोबरेल घेतलंत? कोपऱ्यातल्या मडक्यात दिव्यासाठी उंडेल, म्हणजे उंडीच्या बियांचं तेल आहे, काळपट हिरवं. नाक फार जवळ नेऊ नका, उग्र असतं. शेजारचा पांढुरका गोळा म्हणजे भिरंडेल, भिरंडाच्या म्हणजे कोकमाच्या बियांचं. टाचेच्या भेगेवर चोळून बघा, उन्हाने आणि मिठाने फाटलेली कातडी लगेच मऊ पडते.

आता गड चढा. दारूचा आणि घामाचा दर्प येतोय. बुरुजाच्या सावलीत एक शिपाई वाळल्या पावावर पिवळट हिरवं तेल ओततो. तुकडा देतोय, घ्या. कच्च्या पाल्यासारखा वास, किंचित कडू, आणि गिळल्यावर घशाला मिरीसारखं झोंबतं.

"अझैत," तो म्हणतो.

हा शब्द त्याच्या मुलखात अरबांनी नेला. अरबीत 'झैत' म्हणजे तेल आणि 'झैतून' म्हणजे ज्याचं हे तेल ते ऑलिव्हचं फळ. आपलं जैतूनही तिथलंच. 'ऑलिव्ह' या शब्दाचं घराणं वेगळं: ग्रीक 'एलाइआ', त्यावरून लॅटिन 'ओलिव्हा'. त्याच फळाच्या तेलाला लॅटिनमध्ये 'ओलेउम' म्हणत आणि इंग्रजी 'ऑइल' त्यातूनच निघालं. म्हणून इंग्रज खोबऱ्याच्या तेलालाही नकळत ऑलिव्हचंच नाव देतो.

आपणही तेच केलंय, आणि मला ते फार आवडतं. तिळापासून निघालं ते तैल, तेल. पुढे कशातूनही निघो, नाव तिळाचंच राहिलं. खाली घाण्यावर तिळाचा दाणा नाही, तरी खोबरेल, उंडेल, भिरंडेल या तिन्ही नावांच्या शेवटचा 'एल' तेलाचा, म्हणजे तिळाचाच आहे. घरच्या कपाटातलं एरंडेलही याच रांगेतलं.