लाइफ जॅकेट दिसते चांगले, पण तरंगते का? कयाकिंग-राफ्टिंगच्या साहित्याची निगा

कयाकिंग किंवा राफ्टिंगसाठी लागणारे लाइफ जॅकेट, हेल्मेट, वेटसूट आणि बचावाची दोरी हे सगळे साहित्य मुख्यतः कापड, फोम, रबर आणि प्लॅस्टिकचे असते. हे पदार्थ वापराने झिजतात, तसेच चुकीच्या जागी नुसते पडून राहूनही खराब होतात. अडचण अशी की हा बिघाड सहसा डोळ्यांना दिसत नाही. जॅकेटचा फोम बसला आहे किंवा पट्ट्याची शिवण कुजली आहे, हे अनेकदा माणूस पाण्यात पडल्यावरच कळते. प्रत्येक सहलीनंतर साहित्य धुणे, वाळवणे आणि तपासणे गरजेचे आहे ते याचसाठी. दोष काठावरच सापडला पाहिजे.

साहित्य कशाने खराब होते?

ऊन : अतिनील किरणांमुळे नायलॉन, पॉलिप्रॉपिलिन आणि रबर कमकुवत होतात. रंग फार उडणे ही त्याची पहिली खूण.

मीठ आणि वाळू : समुद्राचे पाणी वाळले की मिठाचे कण कापडात, चेनमध्ये आणि बक्कलमध्ये राहतात. मिठामुळे धातू गंजतो आणि वाळू धागे घासत राहते.

दमटपणा : ओले साहित्य पिशवीत बंद राहिले की बुरशी धरते आणि कुबट वास येतो.

दाब : जॅकेटवर बसणे, त्याची उशी करणे किंवा त्यावर जड सामान रचणे यामुळे फोम कायमचा चेपला जातो.

लाइफ जॅकेट

पूर्वी लाइफ जॅकेटमध्ये कापोक, म्हणजे आपल्या सावरीच्या कापसासारखा तंतू भरत. आता बहुतेक जॅकेटमध्ये बंद छिद्रांचा फोम असतो. या छिद्रांत अडकलेल्या हवेमुळे जॅकेट तरंगते. फोम चेपला किंवा आक्रसला की हवा कमी होते आणि तेवढी तरंगशक्तीही घटते.

वापर झाल्यावर जॅकेट गोड्या पाण्याने धुवावे. मळ जास्त असेल तर सौम्य साबण चालतो. ब्लीच, रॉकेल किंवा थिनर वापरू नये. पाणी निथळल्यावर जाड हँगरवर सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवावे. कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नये.

वाळल्यावर पुढील तपासणी करावी :

१. पट्टे दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहावेत. शिवणीतून दोरे सुटत असतील तर जॅकेट वापरू नये.
२. प्रत्येक बक्कल लावून झटका द्यावा. तडा गेलेले बक्कल बदलावे.
३. फोम बोटांनी दाबावा. तो कडक झाला असेल, तुकडे जाणवत असतील किंवा आतली पट्टी आखडलेली वाटत असेल तर जॅकेट बाद समजावे.
४. वाळवूनही जॅकेट जड लागत असेल तर आत पाणी मुरले आहे.

तरंगशक्ती न्यूटनमध्ये मोजतात. कयाकिंगची बरीच जॅकेट ५० न्यूटनची असतात, म्हणजे ती पाण्यात सुमारे ५ किलो वजन पेलतात. पाण्यात माणसाचे वजन फारच कमी भरत असल्याने शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या व्यक्तीला एवढा आधार पुरतो. बेशुद्ध माणसाचे तोंड वर ठेवण्याची खात्री मात्र हे जॅकेट देत नाही.

ही शक्ती घरीही ढोबळपणे तपासता येते. लोखंड पाण्यात आपल्या वजनाचा साधारण आठवा भाग गमावते. त्यामुळे पावणेसहा किलोचे लोखंडी वजन पाण्यात सुमारे ५ किलो भरते. लेबलवर ५० न्यूटन लिहिलेल्या जॅकेटला असे वजन बांधून ते टाकीत सोडावे. आधी जॅकेट पाण्याखाली दाबून कापडातली हवा बाहेर काढावी. वजनासह जॅकेट बुडाले तर ते बाद करावे. लहान मापाच्या जॅकेटची तरंगशक्ती कमी असते, म्हणून लेबलवरील आकडा पाहूनच वजन ठरवावे.

हवेने फुगणाऱ्या जॅकेटमध्ये कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर असते. ते घट्ट बसले आहे ना, गंजले नाही ना आणि त्याचे वजन त्यावर छापलेल्या आकड्याइतके आहे ना, हे पाहावे. जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवले की गळती कळते. पाण्यात विरघळणाऱ्या गोळीवर चालणारे स्वयंचलित जॅकेट दमट जागी ठेवल्यास आपोआपही फुगू शकते.

वेटसूट आणि ड्रायसूट

कोकणच्या कोमट समुद्रात वेटसूटची गरज कमी पडते. हिवाळ्यात ऋषिकेशच्या गंगेत किंवा लडाखच्या झंस्कार नदीत मात्र तो अत्यावश्यक ठरतो. वेटसूट निओप्रीन या कृत्रिम रबराचा असतो. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे ऊब टिकते. गरम पाणी, ऊन आणि कायमच्या घड्या यांनी निओप्रीन कडक होते. म्हणून सूट थंड पाण्यात धुवून, उलटा करून सावलीत वाळवावा. खांद्यांवर टांगल्यास ओल्या सूटच्या वजनाने खांदे ताणले जातात, त्यामुळे तो कमरेत दुमडून जाड दांडीवर टाकावा. लहान चीर वेळीच निओप्रीनच्या गोंदाने चिकटवली तर पुढची मोठी दुरुस्ती वाचते.

ड्रायसूटमध्ये पाणी शिरू नये म्हणून मान आणि मनगटाशी बहुधा लेटेक्सच्या पट्ट्या असतात. ऊन, घाम आणि सनस्क्रीनमधील तेल यांनी लेटेक्स चिकट किंवा ठिसूळ होते. ताणल्यावर बारीक भेगा दिसल्या तर त्या पट्ट्या बदलाव्यात. जलरोधक चेन धुवून, निर्मात्याने सांगितलेले मेण किंवा ग्रीस लावून ठेवावी.

हेल्मेट आणि दोरी

हेल्मेट आपटले की बाहेरून फक्त ओरखडा दिसतो, पण आतला फोम चेपलेला असू शकतो. कवचाला तडा गेला असेल, फोम सुटला असेल किंवा हनुवटीचा पट्टा सरकत असेल तर हेल्मेट बदलावे. रंग, स्टिकरचा गोंद आणि पेट्रोल यांनी काही प्लॅस्टिक कमकुवत होते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही हेल्मेट ठेवू नये.

बचावाची दोरी बहुधा तरंगणाऱ्या पॉलिप्रॉपिलिनची असते. ती पिशवीतून पूर्ण बाहेर काढून धुवावी आणि पिशवी वेगळी वाळवावी. वाळल्यावर दोरी हातातून सरकवत कापलेले, वितळलेले किंवा मऊ पडलेले भाग शोधावेत. गाठ राहू देऊ नये. गाठीमुळे दोरीची ताकद घटते आणि फेकताना ती अडकतेही. दोरी वेटोळे करून न ठेवता थोडी थोडी पिशवीत कोंबावी, म्हणजे फेकल्यावर गुंता होत नाही.

पावसाळ्यातील साठवण

पावसाळ्यात तारकर्ली-मालवणसारख्या ठिकाणी समुद्रातील जलक्रीडा बंद असतात. म्हणजेच वर्षातल्या सर्वांत दमट महिन्यांत साहित्य बंद पडून राहते. ते पूर्ण वाळल्याशिवाय आत ठेवू नये. पत्र्याच्या तापणाऱ्या शेडपेक्षा हवेशीर खोली बरी. उंदरांपासून जपण्यासाठी जॅकेट जमिनीवर न रचता टांगावीत. हंगाम सुरू होण्याआधी सगळी तपासणी पुन्हा करावी.

भाड्याने साहित्य घेताना

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगला जाणाऱ्या पर्यटकाने साहित्याची निगा राखलेली नसते, पण ते अंगावर चढवण्यापूर्वी तपासणे त्याच्या हातात असते. सगळी बक्कल लावून पट्टे आवळावेत आणि दुसऱ्याला जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावे. ते हनुवटीपर्यंत किंवा कानांपर्यंत सरकले तर माप मोठे आहे किंवा पट्टे सैल आहेत. फाटलेले, रंग पूर्ण उडालेले किंवा बक्कलऐवजी गाठ मारलेले जॅकेट दिले तर बदलून मागावे. हे मागण्याची वेळ काठावरच असते.