मजहूल फायली

अमेरिकेत मेरीलँडमधल्या गेथर्सबर्गला निस्ट ही मोजमापांचे प्रमाण ठरवणारी सरकारी संस्था आहे. तिथे एक अजब ग्रंथालय आहे, नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी. कपाटांत पुस्तकं नाहीत, सॉफ्टवेअरचे खोके आहेत. त्यांतल्या प्रत्येक फाइलचा हॅश काढून यादी प्रसिद्ध होते. मूळ खोका जपून ठेवतात. उद्या कोर्टात कुणी शंका घेतली तर दाखवायला.

हॅश म्हणजे फाइलवर गणित करून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा. फाइलमधला एक काना बदलला तरी आकडा पार बदलतो. जप्त केलेल्या संगणकात लाखो फायली असतात. विंडोजच्या, ऑफिसच्या फायलींचे हॅश यादीशी जुळले की त्या बाजूला काढायच्या आणि उरलेल्या तपासायच्या.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे आहे. ही यादी ‘माहीत आहे’ एवढंच सांगते. ‘निर्दोष आहे’ असं म्हणत नाही. हॅकिंगची साधनंही तिच्यात आहेत. आणि यादीत नसलेली फाइल म्हणजे गुन्हा नव्हे. निकाहची पत्रिका, दुकानाचा हिशेब, हा लेख, आपण स्वतः लिहिलेलं सगळंच यादीबाहेरचं. हदीसच्या रावींची पारख करणाऱ्यांनी हा फरक शतकांपूर्वी केला होता. ‘मजहूल’, म्हणजे ज्याची माहिती नाही असा रावी, वेगळा आणि ‘कज्जाब’ वेगळा. मजहूलच्या रिवायतीवर ते विसंबत नसत, पण तेवढ्यावरून त्याला खोटारडाही ठरवत नसत.

हॅशची गणितंही म्हातारी होतात. रोनाल्ड रिव्हेस्ट यांचं एमडी५ १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. २००४ मध्ये चिनी गणितज्ञ शाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ काढून दाखवला. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी शा-१ चं तेच केलं. आता ग्रंथालय शा-२५६ सुद्धा देतं.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ च्या प्रमाणपत्रावर हॅश लिहावा लागतो. पर्यायांत एमडी५ आणि शा-१ अजून आहेतच. हा आकडा जुळला तर हॅश काढल्यानंतर फाइल बदललेली नाही, एवढं कळतं. त्याआधी ती तिथे कुणी ठेवली, ते त्यातून कळत नाही. म्हणून ज्यांच्या घरचा लॅपटॉप जप्त झाला आहे त्यांच्या वकिलानं आधी तारीख पाहावी: हॅश पंचनाम्याच्या वेळी काढला, की नंतर प्रयोगशाळेत?