पडद्याची वाटणी

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये सपोर्टच्या शिफ्टला बसलेला इंजिनिअर टर्मिनलवरून दूरच्या सर्व्हरवर लॉगिन होतो. तिथे अनेकदा हाताशी असतो तो फक्त विम एडिटर. कोलन देऊन 'व्हीस्प्लिट' टाइप केलं की पडदा उभा विभागतो. एका बाजूला एरर लॉग, दुसऱ्या बाजूला कॉन्फिग फाइल. मग कंट्रोल-डब्ल्यू आणि पाठोपाठ 'एच' किंवा 'एल', की कर्सर इकडून तिकडे. ही सोय विमच्या घराण्यात फार उशिरा आली.

मूळपुरुष 'ईडी' हा एडिटर, केन थॉम्पसनने 1969 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलेला. तो टेलिटाइपच्या कागदावर ओळी छापायचा, त्यामुळे वाटणीला पडदाच नव्हता. 1976 मध्ये बर्कलीत बिल जॉयने पडद्यावर चालणाऱ्या 'व्हीआय' एडिटरचा पाया घातला. त्याच्या एडीएम-3ए टर्मिनलवर बाणांच्या खुणा एच, जे, के, एल याच कळांवर होत्या. आजही बोटं तिथेच जातात.

डिसेंबर 1978 च्या सुमारास जॉय व्हीआयमध्ये अनेक खिडक्या घालत होता. नवा व्हॅक्स संगणक बसत होता, टेप ड्राइव्ह बिघडला होता, बॅकअप नव्हता. तशातच सोर्स कोड खराब झाला आणि पूर्ण छापील प्रतही नव्हती. पडद्याच्या कोडचा बहुतेक भाग नव्याने लिहून झाला होता, तरी जॉयने हात टेकले आणि जुन्या आवृत्तीचं मॅन्युअल पुरं केलं. 1984 च्या एका मुलाखतीत त्याने हे स्वतः सांगितलं आहे.

व्हीआयच्या कोडला एटी अँड टीचा परवाना लागे, म्हणून इतरांनी तो नव्याने लिहायला घेतला. टिम थॉम्पसनचा 'स्टीव्ही' 1987 मध्ये आला. त्याच्यावरून डच प्रोग्रॅमर ब्राम मोलेनारने अमिगा संगणकासाठी विम घडवला आणि 1991 मध्ये खुला केला. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत आडव्या खिडक्या आल्या. उभ्या खिडक्या आणि दोन फाइलींतला फरक दाखवणारी सोय 2001 च्या सहाव्या आवृत्तीत.

मोलेनारच्या रचनेत मजकूर वेगळा आणि खिडकी वेगळी. एकच फाइल दोन खिडक्यांत उघडा, वर फंक्शन आणि खाली त्याचा वापर ठेवा; एकीकडची दुरुस्ती लगेच दुसरीकडे दिसते. फाइल एकच, नजरा दोन.

मोलेनार 2023 मध्ये गेला, पण विम इतरांनी चालू ठेवला आहे. जॉयच्या खिडक्यांच्या कामाचा बॅकअप नव्हता, म्हणून ते बुडालं. मोलेनारचं अनेकांच्या हाती होतं, म्हणून टिकलं. नव्या मुलांना स्प्लिट शिकवताना हेही सांगायला हवं.