पेठ वसवणारे आणि पेठेतून उठणारे

पेठ वसवणे ही राजेलोकांची हौस नव्हती, ती त्यांची गरज होती. पेठ भरली की जकात येते आणि जकात आली की राज्य चालते. 1708 साली साताऱ्यात शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शहर वाढू लागले. शनिवार, मंगळवार, शुक्रवार अशा वारांच्या पेठा झाल्या. पुढे प्रतापसिंह महाराजांच्या नावाची प्रतापगंज पेठ आली. 'गंज' हा फारसी शब्द, 'पेठ' दक्षिणेतला, आणि दोघे एकाच नावात शेजारी नांदतात. दुकान, बाजार हे शब्द आपले की त्यांचे, असे आमची उर्दू शाळेतली मुले विचारतात तेव्हा आम्ही त्यांना या पेठेचे नाव सांगतो.

त्या काळी नवी पेठ वसवताना कौल दिला जाई. अरबीत कौल म्हणजे दिलेला शब्द. अमुक वर्षे पट्टी माफ, नंतर चढती आकारणी, असे त्याचे स्वरूप. पेठ भरवण्याची जबाबदारी शेटे-महाजनांवर असे आणि त्याबद्दल त्यांना हक्क मिळत. म्हणजे आधी माणूस बसवायचा, त्याचा जम बसू द्यायचा आणि मग त्याच्याकडून घ्यायचे. आज पालिकेच्या व्यापारी संकुलातला गाळा घ्यायचा तर आधी अनामत, मग लिलावातली बोली, आणि धंदा त्यानंतर. क्रम उलटा झाला आहे. कित्येक गावांत अशा संकुलांचे वरचे मजले कुलूपबंद का राहतात, याचे निम्मे उत्तर आम्हाला इथे दिसते.

महाबळेश्वरची बाजारपेठही वसवलेलीच. 1829 मध्ये मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी वाईकडचे खंडाळा देऊन ती जागा साताऱ्याच्या राजांकडून घेतली आणि माल्कम पेठ उभी राहिली. सांगली त्याहून थोडी आधीची. चिंतामणराव पटवर्धन 1801 च्या सुमारास मिरजेच्या घराण्यातून वेगळे झाले आणि कृष्णाकाठच्या या गावी त्यांनी राजधानी केली. राजधानी म्हटली की व्यापारी, कारागीर, हमाल सगळे आणावेच लागतात. गणपती पेठ, कापडपेठ, वखारभाग ही नावेच सांगतात की इथे काय चाले.

सांगलीच्या व्यापाराची खरी इमारत मात्र जमिनीच्या वर नव्हतीच. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळदीची पेवे होती. मातीत खोल खणलेला खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठे. आत पाला-गवताचे अस्तर देऊन हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. तिथली माती अशी की पाणी झिरपत नाही, आणि हळद वर्षानुवर्षे किडीवाचून टिकते. पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही. आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, दिवा सोडून पाहायचे आणि मग उतरायचे. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते, ते उतरणाऱ्या मजुरांच्या अंगात होते. ना सिमेंट, ना वीज, आणि तरीही देशभर नाव झालेली बाजारपेठ या खड्ड्यांवर उभी होती.

2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरले. हळद गेली, पेवे ढासळली आणि व्यापारी गोदामांकडे, शीतगृहांकडे वळले. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिला सांभाळणारी बरीच पेवे बुजली होती. मानांकन मालाला मिळाले, ते माल सांभाळणाऱ्या हातांनाही पोचायला हवे होते.

2019 मध्ये पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेले आणि हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ बुडाली. 2021 ला पुन्हा तेच. मोठे दुकानदार विश्रामबागेकडे, मिरज रस्त्याकडे दुसरी शाखा काढू शकतात. बागवानाची हातगाडी, मणेराच्या बांगड्या, अत्ताराची छोटी पेटी यांचे गिऱ्हाईक जुन्या पेठेतल्या पायी चालणाऱ्या वर्दळीत असते. पूर ओसरल्यावर मालकाकडे निदान जागा उरते, भाडेकरूकडे चिखल आणि उधारीची वही.

आणि आपला समाज बहुतांशी भाडेकरू आहे. 1947 च्या भाडे कायद्याने जुन्या गाळेधारकांना संरक्षण दिले. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीलाही मान्यता दिली. पण पावती आजोबांच्या नावावर, वारसनोंद केलेली नाही, पागडीचा कागद नाही, अशी स्थिती असली की विकासक दारात आल्यावर कायदा हाताशी असूनही उपयोगाचा राहत नाही.

मिरजेत काय पणाला लागले आहे ते पाहावे. हत्यारांचे दिवस सरल्यावर शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली. त्यात फरीदसाहेबांचे नाव आदराने घेतले जाते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सतारमेकर गल्लीत दुकान, कारखाना आणि घर एकाच छपराखाली असते. भोपळे वाळवायला, टांगायला जागा लागते, रंधा चालवायला उजेड लागतो. काचेच्या संकुलातला दहा बाय दहाचा गाळा त्यांना चालणार नाही. नवे बांधायचे तर या कामाचे माप घेऊन बांधावे लागेल.

एक जागा आपल्या हातात आहे, ती वक्फची. सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवले की देशात सुमारे 4.9 लाख नोंदणीकृत वक्फ मिळकती आहेत आणि त्यांचे वर्षाचे उत्पन्न अवघे 163 कोटी रुपये. दहा टक्के परतावा मिळाला तर ते 12,000 कोटींच्या घरात जाईल, असा त्यांचा हिशेब होता. 2013 च्या दुरुस्तीने व्यापारासाठी 30 वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याची वाट मोकळी झाली. तरी मशिदी-दर्ग्यांच्या दुकानांचे भाडे कित्येक ठिकाणी चहाच्या बिलाएवढे असते, आणि घेणाराही कधी कधी आपल्यातलाच असतो, जो पुढे तोच गाळा बाजारभावाने दुसऱ्याला देतो. वक्फच्या जागेवर दोन मजले चढवून खालचे गाळे कौलाच्या रीतीने, पहिली तीन वर्षे नाममात्र आणि मग चढत्या भाड्याने, बागवान-अत्तार-शिकलगारांच्या मुलांना देता येतील का? मुतवल्लींच्या बैठकीत हा विषय निघायचा तर आधी मिळकतींची यादी, नकाशे आणि भाडेपट्टे टेबलावर यावे लागतील.