जुने गोवे येथील ऑगस्टिनी मठ आणि केतेवान राणीच्या अस्थी

जुने गोवे येथील पवित्र टेकडीवर जांभ्या दगडाचा एक भग्न मनोरा उभा आहे. मूळचा सुमारे ४६ मीटर उंचीचा हा मनोरा म्हणजे ऑगस्टिनी संघाच्या ‘नोसा सेन्योरा द ग्रासा’ या चर्चचा अवशेष होय. या संघाचे धर्मोपदेशक १५७२ साली गोव्यात आले व चर्चची इमारत १६०२ मध्ये पूर्ण झाली. या वास्तूचे महत्त्व केवळ तिच्या भव्यतेत नाही. जॉर्जियन ख्रिस्ती संत म्हणून पूजिते अशा एका राणीच्या अस्थी येथे ठेविल्या होत्या.

केतेवान ही पूर्व जॉर्जियातील काखेती राज्याची राणी. आपला पुत्र तैमुराझ याच्या राज्यावरील संकट टाळण्यासाठी ती इराणचा शाह अब्बास पहिला याच्याकडे गेली. तेथे तिला शिराझ येथे सुमारे दहा वर्षे बंदिवासात राहावे लागले. धर्मांतरास नकार दिल्यामुळे १६२४ च्या सप्टेंबरात तिचा हालहाल करून वध करण्यात आला. शिराझमधील ऑगस्टिनी धर्मोपदेशकांनी तिचे अवशेष गुप्तपणे हस्तगत केले. त्यांपैकी काही जॉर्जियास पोचविण्यात आले, तर काही १६२७ मध्ये गोव्यास आणण्यात आले.

पोर्तुगीज कागदपत्रांनुसार मठाच्या सभागृहातील दुसऱ्या खिडकीपाशी, एका दगडी पेटीत हे अवशेष ठेविलेले होते. स्थाननिर्देश इतका नेमका असूनही तो शोधकांच्या उपयोगी पडेना. कारण ती खिडकीच उरली नव्हती. १८३५ मध्ये धर्मसंघांचे मठ बंद करण्यात आले, १८४२ मध्ये चर्चचा घुमटाकार माथा कोसळला, आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. फरसबंदी, थडगी व वेद्या या साऱ्यांवर मातीदगडांचे ढीग साचले. येथे प्रथम प्रश्न हाडांचा नव्हता, तर वास्तूच्या आराखड्याचा होता.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने १९८९ पासून येथे उत्खनन व जतनाचे कार्य हाती घेतले. ढिगारा हटविल्यावर चर्चचा तलविन्यास, बाजूच्या प्रार्थनामंदिरांच्या जागा व कोरीव लेखांच्या थडग्यांच्या शिळा उघड्या झाल्या. अशा रीतीने कागदातील निर्देश जमिनीवर पडताळून पाहणे शक्य झाले. २००४ मध्ये सभागृहाच्या परिसरात हाताचे एक लांब हाड सापडले. आणखी दोन अस्थिखंडही मिळाले.

तथापि स्थानसाम्यावरून व्यक्तीची ओळख सिद्ध होत नाही. ज्या मठात अनेकांना मूठमाती दिली गेली, तेथील एखादे हाड राणीचे मानून त्याची पूजा होऊ लागली असती, तर ती चूक पुढे दुरुस्त करणे अवघड झाले असते. हैदराबाद येथील पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील नीरज राय, कुमारसामी थंगराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिन्ही अवशेषांतील मातृवंशीय डीएनए तपासले. त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. हाताच्या हाडात यू१बी हा वंशगट आढळला. बावीस हजारांहून अधिक भारतीय नमुन्यांत तो नव्हता. तपासलेल्या ३० जॉर्जियन नमुन्यांपैकी दोहोंत मात्र होता. उरलेले दोन्ही अस्थिखंड दक्षिण आशियाई वंशगटांचे निघाले.

या निष्कर्षाची मर्यादाही ध्यानी ठेविली पाहिजे. मातृवंशीय वारसा एका व्यक्तीचा नसून असंख्य स्त्रीपुरुषांना समान असतो. म्हणून संशोधकांनी हे हाड ‘बहुधा’ केतेवान राणीचे आहे असेच म्हटले. परंतु कागदपत्र, स्थान आणि वंशगट हे परस्परनिरपेक्ष पुरावे एकाच दिशेने बोट दाखवितात, तेव्हा या ‘बहुधा’चे वजन पुष्कळच वाढते.

२०१७ मध्ये हा अवशेष प्रदर्शनार्थ जॉर्जियास पाठविण्यात आला होता. जुलै २०२१ मध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री सु. जयशंकर यांनी अवशेषांचा एक भाग त्या देशास कायमचा सुपूर्द केला. शिराझहून गोव्यास झालेल्या प्रवासानंतर जवळजवळ चार शतकांनी तो मायदेशी पोचला. या घटनेतील भावनेला जो आधार लाभला, तो अनेक वर्षे ढिगारा उपसणाऱ्या हातांचा आणि दोन अस्थिखंड आपल्या अपेक्षेविरुद्ध निघाले तरी ते तसेच नोंदविणाऱ्या संशोधकांचा होय.