आभासी वास्तवातून बांधकामशिक्षण

संगणकाने उभ्या केलेल्या त्रिमितीय देखाव्यात विद्यार्थ्याला फिरू देऊन स्थापत्य अभियांत्रिकीतील बांधकामाची प्रक्रिया शिकवण्याची पद्धत. नकाशात पुरी झालेली वास्तू दिसते. ती कोणत्या क्रमाने उभी राहिली आणि अर्धवट असताना तिचा भार कशाने पेलला, ते दिसत नाही. साइटच्या भेटीतही त्या दिवशी चालू असलेले कामच पाहायला मिळते, आणि धोक्याच्या जागी विद्यार्थ्यांना जाऊ देता येत नाही.

डोक्यावर चढवायचा संगणकीय दर्शक आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये सादर केला. चारचौघांनी एकत्र शिरून पाहण्याची ‘केव्ह’ ही खोली १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात झाली. २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट व एचटीसी व्हाइव्ह हे दर्शक बाजारात आल्यावर महाविद्यालयांना ही पद्धत परवडू लागली.

तथापि अध्यापनाच्या दृष्टीने मोलाचे काम त्याआधीच लिस्बन येथे आल्सिनिया झीटा सांपायो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले होते. त्यांनी भिंतीचे आणि पूल बांधण्याच्या दोन रीतींचे चलत् नमुने तयार केले. पैकी कँटिलिव्हर रीतीत खांबाच्या माथ्यावर पहिला खंड ओततात. मग दोन्ही अंगांना सरकते साचे टांगून एकेक खंड वाढवत नेतात. काँक्रीटने पुरेशी ताकद धरली की पोलादी केबल ताणायच्या, त्यानंतरच साचा पुढे सरकवायचा. एक बाजू फार पुढे गेली, तर तोल जाऊन खांबावर वाकवणारा जोर येतो. दुसऱ्या रीतीत पुलाचे खंड काठावरच ओतून सगळा पूल जॅकने पुढे ढकलतात. पुढच्या टोकाला हलके पोलादी नाक जोडलेले असते, त्यामुळे अधांतरी भागावरचा ताण कमी होतो. हे सारे विद्यार्थ्याला हवे तिथे थांबवून, साच्याच्या अगदी जवळ जाऊन किंवा खालून पाहता येते. फळ्यावर हा क्रम समजावणे फार अवघड जाते.

उंचावरून पडण्याचे धोके ओळखणे आणि क्रेन चालवणे यांच्या प्रशिक्षणातही ही पद्धत वापरतात. दर्शक बराच वेळ घातल्यास काहींना मळमळते. काँक्रीट घट्ट आहे की पातळ, व्हायब्रेटर कुठवर धरावा, सळई नीट बांधली गेली का, हे मात्र हातानेच कळते. नमुना करताना साइटवर काम केलेला अभियंता सोबत नसेल, तर देखणा पण चुकीचा क्रम विद्यार्थ्यांच्या डोक्यात पक्का बसतो.